सोनाळ्याच्या शिबिरातली भेडकी

सैन्यभरतीचं वय माझं घरी बसूनच निघून गेलं. साथीच्या काळात मैदानंच भरली नाहीत. सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा नियम बदललेले होते आणि वयाची अट मला मागे टाकून पुढे गेली होती. देऊळघाटच्या आमच्या घरी हे कोणी मोठ्यानं बोलत नसे. मायला नीट कळलं नव्हतं, बाबांना कळलं होतं आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मी रोज पहाटे अजिंठ्याच्या रस्त्यावर धावायला जातच राहिलो.

बुलढाण्याबाहेर एक भरती अकॅडमी होती. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला एक माणूस ती चालवायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यालाही तेच आवडायचं. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर मुरमाचं मैदान, दोर चढायला एक कडुनिंब. मी तिथं शिकायला म्हणून गेलो होतो, आणि वय गेल्यावरही तिथंच राहिलो. शिट्टी मारायची, पोरांची धाव मोजायची, सकाळी चणे भिजवायचे. उस्तादनं मला कधी जा म्हटलं नाही. राहायला खाट होती, दोन वेळचं जेवण होतं. नवीन आलेली पोरं मला दादा म्हणायची आणि मी त्यांच्याबरोबर धावायचो. मी भरतीची तयारी करतोय असंच बाहेर सगळ्यांना वाटायचं. मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात उस्तादनं सोनाळ्याकडे शिबिर काढलं. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच्या एका मित्राचं शेत होतं. हरभरा फुलावर होता, बांधाला बोरी होत्या आणि शेताच्या खालून एक नाला जात होता. नाल्यापलीकडे जंगलाची हद्द. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्र्या, दोर आणि भांडी टाकून आम्ही दहाबारा जण गेलो. वाटेत पोरं भरतीच्या घोषणा देत होती आणि गावागावातली माणसं थांबून बघत होती. मला बरं वाटलं होतं.

आमच्यात पिंपळगाव राजाचा एक पोरगा होता. अंगानं काटक, बोलायला कमी, पण धावायला लागला की मागे कोणी दिसत नसे. बाप नव्हता, माय अंगणवाडीत मदतनीस होती. घरात सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चूल पेटत नाही, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. त्याचं मैदान झालं होतं, लेखीही झालं होतं. आता मेडिकल आणि कागदपत्रं तेवढी राहिली होती. आमच्या अकॅडमीतून त्या वर्षी कोणी लागणार असेल तर तोच, हे सगळ्यांना माहीत होतं. उस्ताद तर त्याला आत्तापासूनच 'जवान' म्हणायचा.

पहिला दिवस पळण्यात आणि ताडपत्र्यांचे तंबू ठोकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर वाळूच्या पिशव्या बांधून टेकडी चढून आलो, तर उस्तादनं पीठ, डाळ, मीठ-तिखट आणि बिस्किटांचे पुडे एका पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधलं आणि ते नाल्याचं पाणी ओढणाऱ्या मोटारीच्या खोलीत टाकून कुलूप लावलं.

"आज दुकान बंद," तो म्हणाला. "फौजेत असंच असते. आज ज्याले जे भेटन ते त्यानं खायचं. हरभऱ्याले हात लावायचा नाई. तो मित्राचा आहे."

पोरांना गंमत वाटली. कोणी बोरं वेचली, कोणी नाल्यात दगड उलटून खेकडे शोधले. एकानं कसलासा कंद उकरून आणला आणि चावून बघितला, तर जीभ इतकी खाजायला लागली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन चढलं तशी गंमत संपली. बोरांनी भूक भागत नाही, उलट पोटात आग पडते. पोरं ताडपत्रीच्या सावलीला पडून राहिली. उस्ताद त्यांच्यात बसून नोकरीत असतानाच्या, ईशान्येकडच्या जंगलातल्या गोष्टी सांगत होता. तिथं ते फौजी साप खायचे, सायाळ खायचे, बांबूच्या नळीत मांस शिजवायचे.

"भुकेले जात नसते, जवान," तो म्हणाला. "जो पानाकडे पाहून नाक मुरडते, तो मोर्च्यावर पयला पडते."

प्यायचं पाणी संपलं होतं. मी दोन कॅन घेऊन शेजारच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. तिथं मोटार बंद होती, म्हणून दोरानं पाणी ओढत बसलो. ओढता ओढता नाल्याच्या बाजूनं कुत्र्यांचा आवाज आला. शेतमालकाची दोन कुत्री होती, त्यांची आधी भुंकाभुंक आणि मग नुसती गुरगुर. नंतर पोरांचा गलका. मला वाटलं, कोणाला साप दिसला असेल.

कॅन घेऊन परत आलो तर पळसाच्या झाडाखाली सगळे गोल उभे होते. मध्ये एक भेडकी पडली होती. भेडकी म्हणजे हरणातलीच, पण शेळीच्या मोठ्या पिल्लाएवढी लहान. आमच्याकडच्या जंगलात एकटीदुकटी हिंडते आणि माणसाला सहसा दिसत नाही. मीही तोवर जिवंत पाहिली नव्हती, आणि आतासुद्धा जिवंत पाहिलीच नाही. गळा चिरलेला होता. मागच्या मांडीचं कातडं कुत्र्यांनी फाडलं होतं. पाय इतके बारीक होते की याच्यावर हे अंग उभं तरी कसं राहत असेल, असं वाटलं. डोळे उघडे होते.

पिंपळगावचा पोरगा बाजूला उकिडवा बसून मातीनं हात घासत होता. पाणी माझ्याकडेच होतं. मी कॅन तिरपा करून त्याच्या हातावर धार सोडली.

"काय झालं बे?" मी हळूच विचारलं.

"कुत्र्यायनं नाल्यात धरली होती. उस्ताद म्हणे, हे आता जगत नाई. मले म्हणे, पाय धर. मी धरले." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पण दादा, थे उभी होती. कुत्रे हाकलल्यावर थे उठून उभी राह्यली होती."

मी कॅन सरळ केला. उस्ताद चाकू गवताला पुसत होता.

"ही शिकार नाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मेलेलंच होतं. समोर आलेलं अन्न सोडणारा कसला फौजी?"

सोलणं-कापणं त्यानंच केलं. हात सराईत होता. कातडं आणि आतडी नाल्याकाठी खड्डा करून पुरली. तेल नव्हतं, मसाला नव्हता. फक्त मीठ आणि तिखट होतं, ते त्यानं पोत्यातून काढून दिलं. दगडांची चूल मांडून काही तुकडे भाजले आणि उरलेलं पातेल्यात पाणी घालून शिजवलं. धुराबरोबर वास आला तशी ताडपत्रीखालची पोरं एकेक करून चुलीपाशी येऊन बसली.

मीही बसलो. आमच्या घरी मटण चालतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बाबा स्वतः आणतात, माय अंगणातल्या चुलीवर करते. पण ते आणलेलं असतं, पिशवीतून येतं. हे मघाशी उभं होतं. हा विचार आला, आणि त्याच वेळी तोंडाला पाणीही सुटलं. दोन्ही एकदम झालं. मला पानावर दोन तुकडे मिळाले. मी खाल्ले. मांस कोरडं होतं, चरबी अजिबात नव्हती, दातांना ओढावं लागत होतं. पण चव चांगली होती. मी आणखी मागून घेतलं.

एक पोरगा माळकरी घरातला होता. त्यानं पान पुढे केलं नाही. उस्ताद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"खात काऊन नाई?"

"घरी चालत नाई, उस्ताद."

"घर कुठं आहे इथं? दाखव मले. हे घर आहे का?"

पोरानं इकडे तिकडे पाहिलं. कोणीच त्याच्या बाजूनं बोललं नाही. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, न चावता गिळला आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन ओकला. पोरं हसली. पिंपळगावचा हसला नाही. त्याच्या पानावरचा तुकडाही तसाच होता. नंतर त्यानं तो कुत्र्याला टाकला. ते उस्तादनं पाहिलं, पण त्याला काही म्हणाला नाही.

कोणीतरी मोबाइलवर फोटो काढले. चुलीवरचं पातेलं, हातात भाजलेली तंगडी धरून हसणारी दोघं-तिघं. एकानं तो फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, जंगल ट्रेनिंग. ज्यानं ठेवला त्याला त्यात काही चुकीचं वाटलंच नव्हतं. आम्हाला कोणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धावून आलो तेव्हा शेताच्या धुऱ्यावर जंगलखात्याची जीप उभी होती. स्वेटर घातलेले एक वयस्कर वनपाल, एक बाई वनरक्षक आणि आणखी दोघं. वनपालांनी मोबाइल काढून तो फोटो दाखवला.

"हे कुठलं मटण आहे?"

"बोकड," उस्ताद म्हणाला.

तेवढ्यात वनरक्षक बाई नाल्याकडे गेल्या होत्या. कुत्र्यांनी खड्डा उकरून कातडं ओढून वर आणलं होतं. काठीनं ते उचलून त्यांनी नुसतं धरून ठेवलं. वनपालांनी उस्तादकडे पाहिलं. त्यांना पुढे काही विचारायची गरज नव्हती.

सगळ्यांना एका ओळीत बसवलं. मोबाइल गोळा केले. वनपाल पोरांना समजावून सांगत होते, की हा कायदा किती कडक आहे, यात जामीन सहज होत नाही, आणि नाव एकदा लागलं की सरकारी नोकरीचं काम चारित्र्य पडताळणीतच अडकतं. ते घाबरवायला सांगत होते असं मला वाटलं नाही. त्यांना वाईटच वाटत असावं. एक पोरगा रडायला लागला, मग दुसरा. पिंपळगावचा रडत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत बसला होता.

उस्ताद पाणी पिण्याच्या निमित्तानं उठला आणि त्यानं मला मोटारीच्या खोलीमागे बोलावलं.

"हे पाह्य," तो हलक्या आवाजात म्हणाला, "एकानं आपल्या अंगावर घेतलं तर बाकीचे सुटतीन. मी बोलतो वनपालाशी. पण कोणाचं तरी नाव पायजे."

"तुम्हीच घ्या ना, उस्ताद. तुम्हीच कापली."

"मी घेतलं तर अकॅडमी जाईन. मंग हे पोट्टे कुठं जातीन? अन् पेन्शन आहे माह्यी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्यं वय तर निघालं बाबू. तुले आता कुठं व्हेरिफिकेशन लागून राह्यलं? त्या पिंपळगावच्याचं पाह्य. त्याच्या मायचं पाह्य. मी तुह्यासंग आहो. वकील मी देतो. बाहेर आला की अकॅडमीत तू माह्या बरोबरीनं."

केसचं भय मला तेव्हा वाटलंच नाही. 'तुह्यं वय तर निघालं' एवढंच कानात बसलं. घरात कोणी बोललं नव्हतं, पोरांनी कधी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि ज्यानं मला इतके दिवस धावू दिलं तोच आज म्हणत होता. इतके दिवस त्यालाही हे माहीत होतं आणि तो मला शिट्टी देत होता. मला रडू आलं नाही, राग आला. पण तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यावरून पोरांची ओळ दिसत होती. पिंपळगावचा अजून हातांकडेच पाहत होता.

मी चालत वनपालांपाशी गेलो आणि म्हणालो, "मी मारली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? कशानं?"

"चाकूनं."

"एकट्यानं? पाय कोणी धरले?"

"कोणी नाई. कुत्र्यायनं फाडली होती."

"बाबू," ते म्हणाले, "जबाब देताना विचार करून दे. हा कागद मागे घेता येत नाही."

"मीच मारली."

पिंपळगावचा पोरगा उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे पाहून जोरात ओरडलो, "खाली बस बे!" इतक्या जोरात, की तो बसला. मैदानावर मी जसा ओरडायचो तसाच.

मला जीपमध्ये बसवलं. जंगलखात्याच्या ऑफिसात गेल्यावर जबाब झाले. उस्तादलाही आणलं होतं. त्याचा जबाब तिथल्या कारकुनानं वाचून दाखवला तेव्हा मी समोरच्या बाकावर होतो. शिबिराचा बाजार आणायला आपण त्या वेळी सोनाळ्यात गेलो होतो, परत आल्यावर मटण शिजत होतं, ते बोकडाचं आहे असं या मुलानं सांगितलं, असं त्यानं लिहून दिलं होतं. या मुलानं म्हणजे मी. वाचून झाल्यावर त्यानं सही केली आणि दाराबाहेर निघून गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. तो माझ्याबरोबर आहे असं मी धरून चाललो होतो. त्यानं ते फक्त म्हटलं होतं.

मला बुलढाण्याच्या जेलात ठेवलं. घरापासून इतकं जवळ, की पूर्वी मी त्या भिंतीजवळून कितीदा धावत गेलो होतो. काही दिवसांनी बाबा भेटायला आले. जाळीपलीकडे टोपी हातात घेऊन उभे होते. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत.

"तू मारली?"

"नाई."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. पाणी आणायला गेलो होतो ते, उस्ताद काय म्हणाला ते, पिंपळगावच्या पोराचं. सांगताना मला वाटत होतं की बाबांना थोडं तरी बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र आणखी उतरत गेला.

"म्हंजे तू खोटं बोलला."

"त्यायच्यासाठी बोललो, बाबा."

"कोणासाठी बी असो. न केलेलं कबूल करणं हे खोटंच असते ना बे?" मग आवाज चढवून म्हणाले, "तुह्या मायले मी काय सांगू? पोरगा चोर नाई, मूर्ख आहे असं सांगू? जबाब बदल."

"बदलला तर त्याचं नाव येते."

"अन् तुह्यं नाव? त्याचं काय?"

"माह्यं वय निघालं, बाबा."

हे मी पहिल्यांदा बोललो. तेही कोणाजवळ, तर बाबांजवळ. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "वेळ आहे अजून," पण ते थांबले नाहीत.

जामीन झाला. पहिल्या तारखेला उस्तादचा वकील आला होता. दुसऱ्या तारखेला आला नाही. मी फोन केला तर उस्ताद म्हणाला, "थोडं थांब, सध्या हात आखडता आहे." पुढे तो फोनच उचलेना. अकॅडमी काही महिने बंद होती, नंतर मेहकर रस्त्याला दुसऱ्या नावानं उघडली. मी तिथं गेलो नाही. माझी चादर आणि बूट तिकडेच राहिले.

गावात मला वाटलं होतं लोक टाळतील. उलटंच झालं. पारावर बसलो की कोणी ना कोणी सरकून जवळ यायचा आणि विचारायचा, "कसं लागते बे? बोकडासारखं का?" म्हाताऱ्यांनासुद्धा तेच विचारायचं असायचं. एकजण तर म्हणाला, "आमच्या वावरात रानडुकरं मक्का ठेवून नाई राह्यले, तू एखादं पाह्य ना." खरं काय झालं ते विचारणारं कोणी भेटलं नाही. मी कधी म्हणायचो, चांगलं लागते. कधी उठून जायचो. त्या दिवशीचं मांस मला आवडलं होतं, ही गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. नसतं आवडलं तर सोपं झालं असतं. मी काहीच केलं नाही, असं तरी मला म्हणता आलं असतं. मी पाय धरले नव्हते, चाकू धरला नव्हता. पण पान पुढे केलं होतं, आणि दुसऱ्यांदाही केलं होतं.

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत. पाणी दिलं का, फवारणी झाली का. तारखेच्या दिवशी मी सकाळी निघालो की ते गोठ्यात जाऊन बसत. देऊळघाटहून सोनाळ्याकडच्या तालुक्याच्या कोर्टात जायला तीन एस.टी. बदलाव्या लागतात. तिथं गेल्यावर कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार नाही. पुढची तारीख घेऊन मी परत यायचो. मधल्या काळात एकाचा पिकअप चालवायला घेतला. भाजी, कांदा, कधी लग्नाची भांडी असं काय मिळेल ते वाहून नेतो. ते काम अजून चालू आहे.

पिंपळगावच्या पोराचं मेडिकल झालं, पडताळणी झाली, तो लागला. हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्याची माय एकदा आमच्याकडे येऊन गेली. पांढरं लुगडं, हातात पिशवी. माझ्या मायसमोर जमिनीवर बसली. मायनं चहा केला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, तुमच्या लेकानं माह्या लेकाचं घर बांधलं."

माय म्हणाली, "माह्याचं कोण बांधन?"

चहा पिऊन ती गेली. जाताना पिशवीतली सीताफळं ओट्यावर ठेवून गेली. मायनं त्यांना दोन दिवस हात लावला नाही. मग पिकून फुटायला लागली तेव्हा शेजारी वाटून टाकली.

तो स्वतः आला तो पहिल्या मोठ्या सुट्टीत. मी ओट्यावर पिकअपची ताडपत्री शिवत होतो. केस बारीक कापलेले, चेहरा काळवंडलेला, छाती भरलेली. आल्या आल्या तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"बस," मी म्हटलं.

तो बसला. ट्रेनिंगचं विचारलं तसं तो सांगत गेला. सकाळी किती पळवतात, कडाक्याच्या थंडीत कसं उभं करतात. मी ऐकत होतो आणि मला सगळं कळत होतं. ते शब्दही माझे होते, फक्त माझ्या तोंडात नव्हते.

"जंगलातलं झालं का?" मी विचारलं.

तो थांबला. "झालं, दादा."

"काय खाल्लं?"

"कोंबडी. जिती कोंबडी देते अन् म्हणते, करा. गाडीतून आणलेली, बाजारातली." तो खाली बघत बोलत होता. "तिथल्या उस्तादनं पयल्याच दिवशी सांगतलं, जंगलातल्या जनावराले कोणी बोट लावलं तर ट्रेनिंगमधून सरळ घरी. कायदा फौजेले बी आहे म्हणे. दादा, तिथं कोणी खातच नाई. आपल्या उस्तादनं सांगतलं ते त्याच्या जमान्यातलं असन, नाई तर असंच असन."

माझ्या हातातली सुई थांबली. मला हसू यायला लागलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. त्याला ते दिसलं.

"दादा, मी सांगतो कोर्टात," तो एकदम म्हणाला. "पाय मी धरले होते. चाकू त्याचा होता. नोकरी गेली तर जाऊ दे. मले झोप लागत नाई."

"नाई," मी म्हणालो.

"काऊन नाई?"

मला त्याला मोठं काहीतरी सांगता आलं असतं. तुझ्या मायकडे बघ, वगैरे. पण तसं माझ्या मनात नव्हतं. मनात होतं ते असं, की हा आता बोलला तर माझं सगळं वाया जाईल. जेल, तारखा, बाबांचं न बोलणं, सगळं कशासाठी होतं ते सांगायला माझ्याजवळ काहीच उरणार नाही. त्याची नोकरी ही माझीच कमाई होती. ती त्याला फेकू द्यायची नव्हती.

"तू बोलला तर मी तुह्यं थोबाड फोडीन," मी म्हटलं. "तुले बोलायचंच असन तर उस्तादसमोर जाऊन बोल. माह्यासमोर नको."

तो रडला. इतक्या मोठ्या अंगाचं माणूस ओट्यावर बसून रडत होतं आणि मी ताडपत्री शिवत होतो. थोड्या वेळानं मी त्याला पाणी दिलं. माय आतून आली आणि म्हणाली, "जेवून जा." तिनं पिठलं-भाकर केली होती. तो जेवला, मायच्या पाया पडला, तिनं पाय मागे घेतले नाहीत. तो मेहकर रस्त्याला उस्तादकडे गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यानंही कळवलं नाही. अधूनमधून त्याचा फोन येतो. कसा आहे दादा, बरा आहे, तारीख कधी आहे, अमुक दिवशी. इतकंच.

तो गेला त्या संध्याकाळी बाबा वावरातून आले. हातपाय धुतले. गावात शिरतानाच कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, कोण आला होता ते. माझ्याशेजारी ओट्यावर बसले. तसे ते बऱ्याच दिवसांत बसले नव्हते.

"काय म्हणे थो?"

"म्हणे, कोर्टात सांगतो."

"मंग?"

"मी नाई म्हणलं."

मला वाटलं, पुन्हा मूर्ख म्हणतील. समोरून गुरं घरी येत होती, धूळ उडत होती.

"पुढची तारीख कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"मी येतो."

सोमवारी आम्ही दोघं निघालो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. तिन्ही गाड्यांत ते खिडकीशी बसले आणि कोणाचं वावर कसं आहे, तूर कुठं वाळली आहे, हे मला दाखवत राहिले. कोर्टात दुपारपर्यंत बाकावर बसलो. नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, तर तेही उठून माझ्यामागे आत आले. साक्षीदार आला नव्हता. वनपाल निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला गेले होते, त्यांना समन्स पोहोचलं नव्हतं. साहेबांनी पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "झालं? एवढंच?"

"हाव. एवढंच असते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी मान हलवली. कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. चहा फार गोड होता. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी घरूनच भाकर आणू, इथं काही खाण्यासारखं नाही. मग गाडी आली आणि आम्ही चढलो.